ओळखीच्या ग्राहकाशीही लेखी करार का करावा?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एक छोटा व्यवसाय बरीच वर्षे तोंडी बोलीवर नीट चालला आहे, बहुतेक ग्राहक ओळखीचे आहेत, आणि आता आजवरच्या सगळ्या कामांपेक्षा मोठे काम समोर आले असताना भागीदार लेखी कराराचा आग्रह धरतो आहे. विचारणाऱ्याच्या मनात दोन शंका आहेत. कागद पुढे केला तर जुन्या ग्राहकाला तो अविश्वास वाटेल, ही एक. आणि न्यायालयात लढायला लागणारा पैसा व वेळ आपल्याकडे नाहीच, तेव्हा करार असला काय आणि नसला काय, ही दुसरी. छोट्या व्यावसायिकांचे करार लिहून देणे आणि करार नसल्यामुळे उभे राहिलेले तंटे मिटवणे ही दोन्ही कामे मी पंचवीसहून अधिक वर्षे करतो आहे. दोन्ही शंका खऱ्या आहेत, म्हणून त्यांचे उत्तर सविस्तर देतो.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. तोंडी करार कायद्याला मान्य नसतो, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. भारताच्या १८७२ च्या करार कायद्यात मुक्त संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर उद्देश या गोष्टींना महत्त्व आहे. एखाद्या विशिष्ट कायद्याने तशी अट घातली नसेल तर करार लेखीच हवा असे तो म्हणत नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीसाठी १९८० मध्ये व्हिएन्ना येथे जो करार झाला त्याचे अकरावे कलम तर स्पष्टच सांगते, की विक्रीचा व्यवहार लेखी असण्याची गरज नाही आणि तो साक्षीदारांसह कोणत्याही मार्गाने सिद्ध करता येतो. अपवाद अर्थात आहेत. इंग्लंडने १६७७ मध्येच काही प्रकारच्या करारांना लेखी पुराव्याची अट घातली होती, आणि दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याच्या बाबतीत ती तिथे आजही टिकून आहे. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत ५०० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या मालाच्या विक्रीला सर्वसाधारणपणे लेखी नोंद लागते. पण सर्वसाधारण नियम हाच, की दिलेला शब्द हाही करारच असतो.

अडचण येते ती तो शब्द नेमका काय होता हे दाखवताना. ही अडचण व्यापाराइतकीच जुनी आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या हम्मुराबीच्या कायद्यात असे कलम आहे, की कोणी चांदी, सोने किंवा अन्य वस्तू साक्षीदार व करारपत्राशिवाय दुसऱ्याकडे ठेवायला दिली आणि घेणाऱ्याने ती नाकारली, तर देणाऱ्याला दावा करता येणार नाही. तो नियम कठोर वाटतो, पण त्यामागची अडचण आजच्या कोणत्याही न्यायाधीशाला ओळखीची वाटेल: दोन माणसे दोन गोष्टी सांगत आहेत आणि तिसऱ्याने खरे कोणाचे मानायचे?

यावर कोणी म्हणेल, माझा ग्राहक खोटे बोलणारा नाही. नसेलच. माझ्यापुढे आलेल्या वादांपैकी फार थोड्यांत कोणी जाणूनबुजून खोटे बोलत होते. बहुतेक वेळा दोन प्रामाणिक माणसांना एकच बैठक वेगवेगळी आठवत होती. एका व्यावसायिकाने एका जुन्या ग्राहकाच्या कार्यालयासाठी संगणक प्रणाली बसवून दिली. बैठक संपता संपता तो म्हणाला होता, 'नंतर काही अडले तर आम्ही आहोतच.' त्याच्या मते याचा अर्थ सुरुवातीच्या एखाददुसऱ्या दुरुस्तीपुरता होता. ग्राहकाने त्याच शब्दांवर वर्षभराची विनामूल्य देखभाल गृहीत धरली आणि त्या हिशेबाने देखभालीसाठी दुसरी तरतूदच केली नाही. दोघेही माझ्यासमोर बसून जे सांगत होते ते त्यांना मनापासून खरे वाटत होते. पैशांचा प्रश्न शेवटी सुटला, पण अनेक वर्षांचा संबंध तुटला, आणि तो तुटण्याला कारण झाले होते एक अर्धवट वाक्य. लंडनच्या उच्च न्यायालयात २०१७ मध्ये एक मोठा खटला निकाली निघाला, त्यात एका मद्यगृहातील संध्याकाळी दिलेल्या दीड कोटी पौंडांच्या कथित वचनाचा प्रश्न होता. न्यायालयाने ते वचन करार मानले नाही, आणि निकालपत्रात स्मृतीबद्दल जे म्हटले आहे ते प्रत्येक व्यावसायिकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे: आठवणी स्थिर नसतात, त्या आठवताना पुन्हा पुन्हा घडत जातात, आणि वादात पडलेल्या माणसाची आठवण नकळत त्याच्या बाजूला झुकते. म्हणून अविश्वासाच्या शंकेला माझे उत्तर असे, की कागदावर लिहून आपण समोरच्या माणसाच्या सचोटीवर संशय घेत नसतो. आपल्या दोघांच्याही स्मरणशक्तीवर जेवढा भार टाकू नये तेवढा टाकण्याचे टाळत असतो. ग्राहकालाही हेच आणि याच शब्दांत सांगितले तर तो दुखावला गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे.

आता न्यायालयाची गोष्ट. लेखी कराराचा उपयोग खटल्यातच होतो असे धरून चालले, तर छोट्या व्यावसायिकाला तो निरुपयोगी वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात कराराचे निम्म्याहून अधिक काम तो लिहिला जात असतानाच होऊन जाते. काम कधी पूर्ण झाले असे मानायचे, कच्चा माल महाग झाला तर फरक कोणी सोसायचा, ग्राहकाने मंजुरी द्यायला तीन आठवडे लावले तर आपली मुदत तेवढी पुढे जाणार की नाही, हे प्रश्न बोलताना कोणी काढत नाही, कारण उत्साहाच्या भरात ते अपशकुनासारखे वाटतात. लिहायला बसले की ते टाळता येत नाहीत. त्या वेळी दोघांनाही एकमेकांची गरज असते, मन मोकळे असते, आणि म्हणून तडजोड स्वस्तात होते. तोच प्रश्न काम अडल्यावर निघाला तर प्रत्येक उत्तरामागे कोणाचे तरी गेलेले पैसे उभे असतात.

शिवाय समोरची माणसे बदलतात. मोठ्या ग्राहकाकडच्या ज्या व्यवस्थापकाने शब्द दिला तो सहा महिन्यांनी दुसरीकडे जातो, त्याच्या जागी आलेल्याकडे फक्त फाइल असते, आणि त्या फाइलमध्ये जे नाही ते त्याच्या दृष्टीने ठरलेलेच नसते. नवा माणूस वाईट नसतो. कागद नसताना पैसे मंजूर करण्याचा त्याला अधिकारच नसतो. आणि तंटा उभा राहिलाच, तर सही असलेले दोन कागद समोर ठेवल्यावर तो बहुतेक वेळा एका दूरध्वनीवर संपतो, कारण लढून काय हाती लागेल हे दोन्ही बाजूंना आधीच दिसते. जिथे काय ठरले होते हेच धूसर असते, तिथे प्रत्येकाला आपण जिंकू असे वाटते, आणि खर्चिक खटले अशाच जागी जन्माला येतात.

पण नुसते पांढऱ्यावर काळे केले म्हणजे झाले असे नाही. इंग्लंडमधील १८६४ चा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना हमखास शिकवला जातो. मुंबईहून लिव्हरपूलला 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा व्यवहार झाला. मुंबईहून त्या नावाची दोन जहाजे निघणार होती, एक ऑक्टोबरात आणि दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले होते, विक्रेत्याच्या मनात दुसरे. निकाल खरेदीदाराच्या बाजूने लागला आणि विक्रेत्याला त्याच्यावर व्यवहार लादता आला नाही. जहाज निघण्याचा महिना लिहिला असता तर वादच उरला नसता. न्यूयॉर्कमध्ये १९६० मध्ये तर 'चिकन' या एका शब्दावर खटला चालला: स्विस खरेदीदाराला कोवळ्या कोंबड्या हव्या होत्या, विक्रेत्याने कमी दराच्या जून कोंबड्याही पाठवल्या, आणि आपल्याला अभिप्रेत असलेला मर्यादित अर्थच करारात होता हे सिद्ध करता न आल्याने खरेदीदार हरला. म्हणून कामाची व्याप्ती लिहिताना माझा आग्रह असतो, की नाम लिहिले की त्याला मोजमाप जोडावे: किती नग, कोणत्या आकाराचे, कोणत्या तारखेपर्यंत, किती वेळा बदल करून मिळणार. आणि जे आपण करणार नाही तेही लिहावे. 'यात देखभाल समाविष्ट नाही' हे चार शब्द वर सांगितलेला संबंध वाचवू शकले असते.

व्याप्तीइतकाच महत्त्वाचा मुद्दा बदलांचा, आणि माझ्या अनुभवात छोट्या व्यावसायिकांचे सर्वाधिक पैसे इथेच गळतात. काम चालू असताना ग्राहक म्हणतो, 'एवढे जरा करून टाका.' आपण संकोचाने करतो, असे दहा वेळा होते, आणि शेवटच्या बिलात ते धरले की ग्राहक आश्चर्याने पाहतो. कोणताही बदल लेखी मान्य झाल्याशिवाय लागू होणार नाही, असे एक कलम करारात असावे. हे कलम शोभेचे नसते. लंडनमधील एका छोट्या कंपनीने भाड्याच्या कार्यालयाची थकबाकी फेडण्याचे नवे हप्ते दूरध्वनीवर ठरवून घेतल्याचे सांगितले. मूळ करारात बदल लेखी व सहीनिशीच होतील अशी अट होती, आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती अट ग्राह्य धरून तोंडी बदल निष्प्रभ ठरवला. हे कलम दोन्ही बाजूंना बांधते हे मात्र विसरू नये. ते करारात घातल्यावर आपणच तोंडी सवलतींवर विसंबून राहू लागलो, तर पहिला फटका आपल्यालाच बसेल.

पैशांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण इथे गोंधळ कमी आणि आळस जास्त असतो. आगाऊ रक्कम किती, पुढचे हप्ते कामाच्या कोणत्या टप्प्याला, बिल मिळाल्यापासून किती दिवसांत रक्कम द्यायची आणि उशीर झाला तर व्याज काय, हे लिहावे. काही ठिकाणी करार गप्प असला तर कायदा बोलतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार व्यवसाया-व्यवसायांतील व्यवहारात मुदत ठरलेली नसेल तर सामान्यतः ३० दिवस धरले जातात. तरीही आपली मुदत आपण लिहिलेली केव्हाही बरी. तिच्या जोडीला काम स्वीकारण्याची रीत लिहावी: काम सोपवल्यापासून अमुक दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारले असे समजले जाईल. हे वाक्य नसल्यामुळे कित्येक बिले 'अजून तपासतो आहोत' या उत्तरावर महिनोन्महिने लटकलेली मी पाहिली आहेत.

आपण स्वतः ग्राहक असतो तेव्हाची बाजूही लक्षात घ्यावी. ग्लॉस्टर येथील एका गिरणीचा मोडलेला दांडा नव्या दांड्याच्या नमुन्यासाठी पोहोचवायला वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. १८५४ मध्ये या प्रकरणात असे ठरले, की बुडालेला नफा वाहतूकदाराकडून मागता येणार नाही, कारण दांड्याविना गिरणी अडून राहील हे त्याला माहीत असल्याचे मानता येत नव्हते. भारतीय करार कायद्याच्या ७३ व्या कलमामागेही हेच तत्त्व आहे: करारभंगातून स्वाभाविकपणे होणारे किंवा करार करताना दोन्ही बाजूंना संभाव्य म्हणून ठाऊक असलेले जे नुकसान असेल त्याचीच भरपाई मिळते. म्हणून पुरवठादाराच्या उशिराने आपले जे विशेष नुकसान होणार असेल ते त्याला करारातच सांगून ठेवावे. मनात ठेवलेल्या नुकसानीची भरपाई मागता येत नाही.

चित्र, लेखन, संगणकीय आज्ञावली, बोधचिन्ह असे काही तयार करून घेणाऱ्यांची समजूत असते, की पैसे दिले म्हणजे हक्क आपले झाले. तसे नेहमी होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८९ मध्ये आलेल्या प्रकरणात एका संस्थेने शिल्पकाराकडून शिल्प करून घेतले होते, लेखी करार नव्हता. शिल्पकार संस्थेचा नोकर नसून स्वतंत्र कारागीर असल्याने स्वामित्वहक्क आपोआप संस्थेकडे गेले नाहीत. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात हक्कांचे हस्तांतर लेखी व सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पाच वर्षांनी आपलेच बोधचिन्ह आपले राहिले आहे का, हा प्रश्न कोणालाही पडू नये असे मला वाटते.

सहीबद्दल एक सूचना, जी मी प्रत्येकाला देतो. कंपनी असेल तर करारात कंपनीचे पूर्ण नोंदणीकृत नाव असावे आणि सहीखाली 'कंपनीच्या वतीने' असे लिहून आपला हुद्दा द्यावा. नुसते आपले नाव लिहून सही केली तर उद्या ती जबाबदारी कंपनीची की तुमच्या घरादाराची, असा प्रश्न निघू शकतो. समोर सही करणाऱ्याला तसा अधिकार आहे का, हेही न लाजता विचारावे.

विचारणाऱ्याने भागीदाराचा उल्लेख ओझरता केला आहे, पण मला खरी काळजी तिथेच वाटते. ग्राहकाशी करार करावा की नाही यावर चर्चा करणाऱ्या दोघांचा आपापसांत लेखी करार आहे का? दोघांनी मिळून व्यवसाय चालवला आणि नफा वाटून घेतला, की पुष्कळ देशांत कागद नसतानाही कायद्याच्या दृष्टीने भागीदारी उभी राहते, आणि जे तुम्ही ठरवले नाही ते कायदा ठरवतो. ब्रिटनचा १८९० चा आणि भारताचा १९३२ चा भागीदारी कायदा यांत, वेगळे ठरलेले नसेल तर, नफा व तोटा सारखा वाटला जातो. एकाने दुप्पट भांडवल घातले असले किंवा दुसरा दिवसरात्र राबत असला तरी. वेगळी तरतूद नसताना एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते, आणि शोकात असलेल्या कुटुंबाला चालत्या व्यवसायाचा हिशेब मागावा लागतो. हे मी जवळून पाहिले आहे. भांडवल कोणाचे किती, दरमहा उचल किती, कोणता खर्च दोघांच्या संमतीशिवाय करायचा नाही, एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरवायची आणि किती दिवसांत द्यायची, हे मैत्री शाबूत असताना लिहून ठेवणे हे ग्राहकाच्या करारापेक्षाही आधीचे काम आहे.

करार केवढा असावा? इंटरनेटवरून उचललेली वीस पानी करारपत्रे, ज्यातली अर्धी कलमे दुसऱ्याच धंद्याची आणि दुसऱ्याच देशाची असतात, त्यांच्यापेक्षा दोघांनी वाचलेली आणि दोघांना समजलेली दोन पाने कितीतरी भक्कम. भाषा साधी ठेवावी. संदिग्ध कलमाचा अर्थ ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावण्याची रीत अनेक न्यायव्यवस्थांत आहे, त्यामुळे अवघड भाषेमागे लपण्याने लिहिणाऱ्याचाच घात होऊ शकतो. वाद झाला तर लवादाकडे जायचे असेल तर ते मात्र लेखीच हवे. परदेशी लवादाचे निर्णय देशोदेशी मान्य व्हावेत म्हणून १९५८ मध्ये न्यूयॉर्क येथे झालेला करारही लेखी लवाद-कराराचीच अपेक्षा ठेवतो. मोठ्या, अनेक महिन्यांच्या कामाचा मसुदा वकिलाला एकदा दाखवावा. रोजच्या रोख विक्रीला यातले काहीच लागत नाही, पावती पुरते.

इलेक्ट्रॉनिक संदेशांकडे दुर्लक्ष करू नये. करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे एवढ्यावरून तो अवैध ठरू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९९६ च्या नमुना कायद्याने मांडले आणि अनेक देशांनी स्वीकारले. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात २०२३ मध्ये एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या छायाचित्राला उत्तर म्हणून मोबाइलवरून पाठवलेले उंचावलेल्या अंगठ्याचे चिन्ह (इमोजी) न्यायालयाने संमती मानले आणि माल न दिल्याबद्दल त्याच्यावर ८२,००० डॉलरहून अधिक भरपाई बसवली. तेव्हा घाईत पाठवलेला होकारही करार ठरू शकतो, हे जाणून उत्तर द्यावे.

समोर आलेल्या कामाबाबत एक धोका मला आताच दिसतो: बोलणी चालू ठेवून काम सुरू करण्याचा. ब्रिटनमधील एका दूधपदार्थांच्या कारखान्यासाठी यंत्रे बसवणाऱ्या कंपनीने तसेच केले. पुढे वाद झाला तेव्हा नेमका कोणता करार अस्तित्वात आहे, यावर तीन पातळ्यांच्या न्यायालयांनी तीन वेगवेगळी उत्तरे दिली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धडा सांगितला तो हाच, की आधी ठरवा आणि मग काम सुरू करा.

ग्राहकाशी विषय कसा काढायचा याची चिंता असेल तर करारपत्राने सुरुवात करू नका. पुढची बैठक झाली की त्याच दिवशी त्याला ईमेल लिहा: 'आज आपले जे बोलणे झाले ते मला असे समजले आहे. काही चुकले किंवा राहिले असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे त्यानुसार दोन पानांचे करारपत्र तयार करून पाठवतो आणि सही झाल्यावर लगेच काम हाती घेतो.' त्याखाली काम, तारखा, रक्कम आणि हप्ते लिहा, आणि सर्वांत शेवटी जे अजून ठरलेले नाही त्याची वेगळी नोंद करा. ग्राहकाचे पहिले उत्तर बहुधा त्या शेवटच्या नोंदीबद्दलच येईल.